कोणालाच नको होतं तेव्हा तिचं होतं: मेरी कॅथरीन गॉडर्डची बडतर्फी, बाल्टिमोर १७८९

१७८९ सालच्या हिवाळ्याच्या तोंडावर अमेरिकी टपालखात्याचा एक वरिष्ठ अधिकारी, जोनाथन बरल, बाल्टिमोरला आला. काही दिवस तो गावातच मुक्कामाला होता, पण गावच्या पोस्टमास्तरची त्याने भेट घेतली नाही. त्याने नुसती एक चिठ्ठी पाठवली: ही चिठ्ठी घेऊन येणाऱ्याच्या ताब्यात कचेरी द्यावी. चौदा वर्षं ती कचेरी चालवणाऱ्या ५१ वर्षांच्या मेरी कॅथरीन गॉडर्डला आपली नोकरी गेल्याचं असं कळलं. तिच्यावर ठपका नव्हता, हिशेबात खोट नव्हती, आधी कसली सूचनाही नव्हती.

मेरी कॅथरीनची ओळख बहुतेक ठिकाणी एका वाक्यात आटोपते: अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा सह्या करणाऱ्यांच्या नावांसकट पहिल्यांदा छापणारी बाई. ते खरंच आहे आणि थोर आहे. पण तिच्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त शिकवणारं प्रकरण मला या चिठ्ठीचं वाटतं. कारण इथे सगळे कागद शिल्लक आहेत: तिचा अर्ज, गावकऱ्यांचं निवेदन, राष्ट्राध्यक्षांचं उत्तर, खात्याचं म्हणणं. बाईला कामावरून काढताना कारण कसं तयार केलं जातं, हे त्या कागदांत पायरीपायरीने दिसतं.

घर, छापखाना आणि टपाल

मेरी कॅथरीनचा जन्म १७३८चा, कनेक्टिकट वसाहतीतला. वडील जाइल्स गॉडर्ड डॉक्टर होते आणि न्यू लंडन गावचे पोस्टमास्तरही. आई सारा अपडाइक सुशिक्षित होती आणि जवळ थोडा पैसाही बाळगून होती. धाकटा भाऊ विल्यम छपाईचं काम शिकला, आणि वडील गेल्यानंतर आईच्या पैशावर त्याने १७६२ मध्ये प्रॉव्हिडन्सला छापखाना टाकून ‘प्रॉव्हिडन्स गॅझेट’ सुरू केलं. आई आणि बहीण तिथेच हाताखाली काम करत तयार झाल्या.

विल्यम कल्पक होता, धाडसी होता आणि एका जागी टिकणारा नव्हता. जमेना तेव्हा प्रॉव्हिडन्स आई आणि बहिणीवर टाकून तो न्यूयॉर्कला गेला, मग फिलाडेल्फियाला. तिथे १७६७ मध्ये त्याने ‘पेनसिल्व्हेनिया क्रॉनिकल’ काढलं. भागीदारांशी त्याचं बिनसलं, तशा या दोघीही फिलाडेल्फियाला आल्या. १७७० मध्ये आई वारली. १७७३ मध्ये विल्यमने बाल्टिमोरला ‘मेरीलँड जर्नल’ सुरू केलं आणि फिलाडेल्फियाचा छापखाना बहिणीवर सोडला. पुढच्या वर्षी तो बंद करून तिने बाल्टिमोरचं काम अंगावर घेतलं. तीन गावं, तीन पत्रं आणि दर वेळी तीच गोष्ट: भाऊ सुरू करतो, बहीण निभावते.

हे ‘निभावणं’ म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून पाहू. त्या काळी छापणारा, संपादक आणि प्रकाशक ही बहुधा एकच व्यक्ती असायची. कोणत्या बातम्या घ्यायच्या हे ठरवणारे हातच खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. शिशाचा एकेक खिळा पेटीच्या खणातून उचलायचा, ओळ उलटी रचायची, कागद आदल्या दिवशी ओला करून ठेवायचा, चामड्याच्या गोळ्यांनी शाई लावायची आणि लाकडी यंत्राचा दांडा दर कागदाला ओढायचा. कागदाची एक बाजू झाली की वाळवून दुसरी. चार पानांचा अंक असा एका मोठ्या कागदातून निघायचा. मेरी कॅथरीन खिळे जुळवण्यात तरबेज होती. शिवाय वर्गणीची वसुली, जाहिराती, पंचांगं, पुस्तकबांधणी, दुकानात स्टेशनरीची विक्री, हेही तिच्याचकडे होतं.

आणि टपालाशिवाय वर्तमानपत्र चालणं अशक्यच. बातमी यायची ती दुसऱ्या गावच्या पत्रांतून, आणि ती पत्रं टपालस्वाराच्या पिशवीतून. अंक बाहेरगावी जायचा तोही त्याच पिशवीतून. टपाल ज्याच्या हाती, त्याचं पत्र वेळेवर पोचायचं; ज्याच्या हाती नाही, त्याची अडवणूक व्हायची. फिलाडेल्फियात असताना ब्रिटिश राजाच्या टपालखात्याने विल्यमच्या पत्राची अशीच कोंडी केली होती. त्यातूनच वसाहतींचं स्वतःचं टपालखातं उभं करायचं हा ध्यास त्याने घेतला. त्यासाठी तो गावोगाव फिरला आणि जुलै १७७५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, ही योजना उचलून धरली. बेंजामिन फ्रँकलिन पोस्टमास्तर जनरल झाला. विल्यमला मिळालं सर्व्हेयरचं, म्हणजे गावोगावच्या टपाल कचेऱ्यांची फिरून पाहणी करण्याचं काम. हे पद ध्यानात ठेवावं, पुढे त्याचं काम पडणार आहे.

त्याच वर्षी मेरी कॅथरीन बाल्टिमोरची पोस्टमास्तर झाली. वसाहतींच्या नव्या टपालखात्यात हे पद सांभाळणारी ती पहिली स्त्री मानली जाते. मे १७७५ मध्येच ‘मेरीलँड जर्नल’वर एक बदल दिसू लागला होता: ‘प्रकाशक एम. के. गॉडर्ड’. पत्र आधीपासून तीच चालवत होती. आता ते कागदावर आलं, तेही आद्याक्षरांत. अनोळखी वाचकाला हे बाईचं नाव आहे असं कळायचं कारण नव्हतं.

नाव छापण्याची किंमत

तिची संपादकीय शैली संयत होती. स्वतःच्या नावाने अग्रलेख झोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. काय छापायचं, किती लवकर छापायचं आणि कोणाच्या धाकाने काय गाळायचं नाही, या तीन गोष्टींत तिची पत्रकारिता दिसते. लेक्सिंग्टन आणि बंकर हिलच्या लढायांच्या बातम्या तिने तातडीने बाल्टिमोरकरांपुढे ठेवल्या.

धाक दाखवणारे होतेच. १७७६ मध्ये जॉर्ज सॉमरव्हिल नावाच्या एका गृहस्थाने पत्रात आलेल्या मजकुरावरून तिला छापखान्यात येऊन शिवीगाळ केली, धमकावलं. तिने ते मुकाट्याने गिळलं नाही; थेट गावच्या समितीकडे तक्रार केली. एकट्या बाईने राजकीय समितीकडे जाऊन ‘मला माझं काम करण्यासाठी संरक्षण द्या’ असं मागणं त्या काळात सोपं नव्हतं.

डिसेंबर १७७६ मध्ये ब्रिटिश सैन्य फिलाडेल्फियाच्या जवळ आलं, तेव्हा काँग्रेसने तिथून पळ काढून बाल्टिमोरला बस्तान हलवलं. जाहीरनामा जुलैमध्येच छापून झाला होता. फिलाडेल्फियाच्या जॉन डनलॅपने तो छापला होता. पण त्यावर काँग्रेसचे अध्यक्ष जॉन हँकॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन या दोघांचीच नावं होती. बाकीच्यांनी सह्या केल्या होत्या, पण त्यांची नावं लोकांपुढे आलेली नव्हती. राजद्रोहाला फाशी होती आणि युद्ध हरण्याची शक्यता चांगलीच दिसत होती. ट्रेंटन आणि प्रिन्स्टनच्या विजयांनंतर जरा धीर आला आणि १८ जानेवारी १७७७ रोजी काँग्रेसने ठराव केला: सह्या करणाऱ्यांच्या नावांसह अधिकृत प्रती छापून प्रत्येक राज्याला पाठवाव्यात. हे काम मेरी कॅथरीनच्या छापखान्याकडे आलं.

छापलेल्या मोठ्या कागदाच्या खालच्या भागात राज्यवार नावं आहेत. थॉमस मॅककीनचं तेवढं नाही. त्याची सही बहुधा नंतरची. आणि सगळ्यात तळाला छापखान्याचं नाव आहे, पण नेहमीचं ‘एम. के. गॉडर्ड’ नाही. तिथे पूर्ण नाव छापलं आहे: मेरी कॅथरीन गॉडर्ड. बाकीच्यांची नावं छापली तर त्यांच्या गळ्याला फास होता, छापणारीच्याही होता. स्वतःच्या साप्ताहिकावर आद्याक्षरांमागे राहणाऱ्या बाईने नेमक्या याच कागदावर पूर्ण नाव द्यावं, हे सहज घडलेलं नसणार असं माझं ठाम मत आहे. तिने त्याबद्दल कुठे काही लिहून ठेवलेलं नाही, कागदच काय तो आहे.

याच कागदानंतर महिनाभरात तिच्या पत्रावर दुसरं संकट आलं. २५ फेब्रुवारी १७७७च्या अंकात ‘टॉम टेल-ट्रुथ’ या टोपणनावाने एक उपरोधिक पत्र आलं. ब्रिटिशांच्या तहाच्या अटींची वरवर स्तुती, आतून खिल्ली. गावातल्या व्हिग क्लब नावाच्या उत्साही देशभक्तांच्या टोळक्याला तो उपरोध कळलाच नाही. ‘लेखकाचं नाव सांगा’ म्हणून ते मागे लागले. विल्यमने नकार दिला, तेव्हा त्याला गाव सोडण्याचा हुकूम झाला. प्रकरण राज्याच्या विधिमंडळापर्यंत गेलं आणि विधिमंडळाने गॉडर्ड घराण्याच्या बाजूने, क्लबच्या दांडगाईविरुद्ध कौल दिला. तो लेख सॅम्युअल चेसचा होता असं मानलं जातं. म्हणजे जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकीच एकाचा! छापखान्यातून नाव फुटलं नाही, एवढं खरं.

युद्धाची वर्षं तिने पत्र चालू ठेवलं. कागद मिळेना म्हणून चिंध्या गोळा करण्याची आवाहनं छापली. नोटांची किंमत घसरत गेली तेव्हा वर्गणी रोखीत देता येत नसेल तर मेण, पीठ, लोणी, चरबी, मांस, जे असेल ते चालेल, अशी सूचना काढली. टपालाची तर तऱ्हाच वेगळी होती. कागदी नोटा घेऊन टपालस्वार घोड्यावर बसायला तयार नव्हते. त्यांना नाणी हवी होती. ती नाणी वर्षानुवर्षं तिने पदरमोड करून दिली. कचेरीचं उत्पन्न जागेच्या भाड्यालाही पुरत नव्हतं.

भाऊ परत येतो

१७८३ मध्ये युद्ध संपलं, तहावर सह्या झाल्या. जानेवारी १७८४ मध्ये ‘मेरीलँड जर्नल’वरून एम. के. गॉडर्ड हे नाव नाहीसं झालं आणि तिथे विल्यम आला. पत्र आता नावारूपाला आलेलं, वर्गणीदार असलेलं. भावाबहिणींत नेमकं काय बोलणं झालं ते बाहेर आलं नाही, पण त्याच वर्षाअखेरीस दोघांनी पुढच्या वर्षाची आपापली पंचांगं बाजारात आणली, आणि विल्यमने आपल्या पत्रातून बहिणीच्या पंचांगावर फसवणुकीचा जाहीर आरोप केला. तिला ढोंगी म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली. तिने त्याच्यावर पाच दावे ठोकले. पुढे भावाचं लग्न झालं, त्याला ती गेली नाही.

विल्यमबद्दल मला सरसकट राग नाही. राजाच्या टपालाविरुद्ध त्याने जे उभं केलं ते मोठंच होतं. पण जे पत्र बहिणीने युद्धाच्या काळात जगवलं, त्यावरून तिचं नाव काढताना त्याला तिच्या कामाबद्दल एक ओळ छापावीशी वाटली नाही, हे विसरता येत नाही.

आता तिच्याकडे उरलं पुस्तकांचं दुकान आणि पोस्ट ऑफिस.

चिठ्ठी आणि त्यामागचं कारण

१७८९ मध्ये नवी राज्यघटना अमलात आली. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाला, राजधानी न्यूयॉर्क. सप्टेंबरमध्ये सॅम्युअल ऑस्गुड पोस्टमास्तर जनरल झाला. देशभरात तेव्हा टपाल कचेऱ्या होत्या जेमतेम ७५. बाल्टिमोर त्यांतली महत्त्वाची, कारण उत्तर आणि दक्षिणेचं टपाल तिथे एकत्र यायचं. गावही वाढत होतं. पुढच्या वर्षीच्या पहिल्या जनगणनेत बाल्टिमोरची वस्ती १३,५०३ भरली. म्हणजे चौदा वर्षांपूर्वी तोट्याची असलेली कचेरी आता मिळकतीची होऊ लागली होती.

नेमकी याच वेळी बरलची चिठ्ठी आली आणि कचेरी अॅनापोलिसच्या जॉन व्हाइटच्या हाती गेली. पूर्वी सरकारी कामं केलेला हा गृहस्थ, टपालाचं काम मात्र त्याने केलेलं नव्हतं. आपल्याकडे याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

बाल्टिमोरकर गप्प बसले नाहीत. नोव्हेंबरमध्ये २३०हून अधिक नागरिकांनी, त्यांत गावचे बहुसंख्य व्यापारी होते, तिला परत घ्यावं असं निवेदन केलं. व्यापाऱ्यांच्या सह्यांना इथे वेगळं वजन आहे. हुंडी कधी पोचली, माल कधी सुटला, भाव काय फुटला, हे सगळं त्यांना टपालातून कळायचं. कचेरीत गोंधळ असता तर सगळ्यात आधी तक्रार त्यांचीच आली असती.

त्यावर खात्याकडून कारण आलं: यापुढे बाल्टिमोरच्या पोस्टमास्तरला दक्षिणेकडच्या कचेऱ्यांवर देखरेख ठेवण्यासाठी घोड्यावरून बराच प्रवास करावा लागेल, आणि तेवढा प्रवास बाईमाणसाला झेपणार नाही.

या कारणाची बांधणी पाहण्यासारखी आहे. ती चौदा वर्षं जे काम करत होती त्यात कमी पडली, असं कोणी म्हणत नाही. म्हणता येणारच नव्हतं. मग त्या पदाला एक नवं काम जोडलं, जे तिने कधी केलं नव्हतं आणि तिला कोणी सांगितलंही नव्हतं. आणि ‘हे तुला जमेल का’ असं न विचारताच ‘जमणार नाही’ असं ठरवून टाकलं.

अर्जातला युक्तिवाद

२३ डिसेंबर १७८९ रोजी तिने थेट वॉशिंग्टनला अर्ज लिहिला. प्रथेप्रमाणे तो तृतीयपुरुषी आहे, भाषा अदबीची आहे, पण त्यात रडगाणं नाही. तिच्या संपादकीच्या सगळ्या वर्षांची तालीम या अर्जात उतरली आहे असं मला तो वाचताना वाटतं. मुद्द्याला मुद्दा लागून येतो.

आधी ती वस्तुस्थिती मांडते: ठपका नाही, पूर्वसूचना नाही, अधिकारी गावात असून भेट नाही. एखाद्या गुन्हेगाराशी वागावं तसं वागवलं, साधी सभ्यताही पाळली नाही, मग न्याय तर दूरच. नंतर ती पदाचा इतिहास सांगते. कचेरी तिने उभी केली, टपालस्वारांना नाणी तिने पदरची दिली, आणि उत्पन्न किती तुटपुंजं होतं याचा हिशेब तिने सोबत जोडला. मग येतो तिचा सगळ्यात धारदार मुद्दा. त्याचा आशय असा: ज्या अंधाऱ्या दिवसांत हे पद कोणी घ्यायला तयार नव्हतं, त्या दिवसांत ज्याने ते उभं केलं आणि चालू ठेवलं, तोच माणूस पद किफायतशीर झाल्यावर त्याला लायक मानला जायला हवा.

व्हाइटबद्दल ती वाईट बोलत नाही. त्याने पूर्वी चांगली सेवा केली असेल, म्हणते. पण त्याला बक्षीस देण्यासाठी सरकारला दुसऱ्याची भाकरी काढून घेण्यावाचून मार्गच सापडू नये, हे कसं? शिवाय नव्या राजवटीत स्पष्ट गैरवर्तन दिसल्याशिवाय कोणाला पदावरून काढणार नाहीत असा सर्वांचा समज आहे, याचीही ती आठवण करून देते.

आणि प्रवासाचं कारण ती आतून पोखरते. बाल्टिमोरला येणाऱ्या-जाणाऱ्या टपालासाठी पोस्टमास्तर सतत जागेवर लागतो. तोच माणूस दक्षिणेत घोड्यावर फिरत राहिला तर कचेरी कोण सांभाळणार? एका माणसाने ही दोन्ही कामं नीट करणं अशक्य आहे, मग तो बाप्या असो की बाई. ती ‘मी बाई असून घोड्यावर बसेन’ अशा वादात शिरतच नाही. पदाची नवी व्याख्याच कामाच्या दृष्टीने चुकीची आहे, हे चौदा वर्षांच्या अनुभवावरून दाखवते.

इथे मघाचं ते पद आठवावं. फिरतीची देखरेख हे काम १७७५ पासून खात्यात वेगळ्या माणसाकडे होतं. त्याला सर्व्हेयर म्हणायचे. तिच्या सख्ख्या भावाने ते केलेलं होतं. म्हणजे खात्याला खरोखर दक्षिणेत देखरेख हवी होती, तर व्हाइटला सर्व्हेयर नेमून बाल्टिमोरची कचेरी तिच्याकडे ठेवण्याचा मार्ग उघडा होता. शोधायला लांब जावं लागलं नसतं, खात्याच्या स्वतःच्याच रचनेत तो होता.

टोलवाटोलवी

६ जानेवारी १७९०ला वॉशिंग्टनचं उत्तर आलं. सौजन्याचं, आणि निरुपयोगी. ज्या नेमणुका माझ्या अखत्यारीत नाहीत त्यांत मी कधी हात घालत नाही, तुमचा अर्ज पोस्टमास्तर जनरलकडे पाठवतो आहे, असा त्याचा मतलब. तत्त्व म्हणून हे समजण्यासारखं आहे. नवं सरकार, शेकडो उमेदवार, प्रत्येकाची ओळख राष्ट्राध्यक्षांशी. एकाच्या बाबतीत हात घातला की सगळे दारात. पण तक्रार ज्याच्याविरुद्ध, अर्ज त्याच्याकडेच गेला, हेही तितकंच खरं.

ऑस्गुडचं म्हणणं थोडक्यात होतं: पूर्ण विचारांती आपल्याला व्हाइटच्या सेवेचा अधिक उपयोग होईल अशी खात्री आहे. तिच्या एकाही मुद्द्याला उत्तर नाही. जानेवारीअखेर तिने सिनेटकडे दाद मागितली. अर्ज पटलावर ठेवला गेला आणि तिथेच राहिला.

ऑस्गुडच्या बाजूने जे म्हणता येईल तेही म्हणायला हवं. खातं लहान, आणि देश पसरत चाललेला. हाताखालचे पोस्टमास्तर नेमण्या-काढण्याचा अधिकार कायद्याने त्याचाच होता. आपल्या विश्वासातली माणसं मोक्याच्या कचेऱ्यांत असावीत असं कोणत्याही नव्या प्रमुखाला वाटतं. हे सगळं मान्य. पण मग तसं सांगायचं होतं. सांगितलं काय, तर घोड्यावरचा प्रवास. अधिकार वापरल्याचं उघड कबूल केलं असतं तर त्यावर वाद घालता आला असता. ‘बाईला झेपणार नाही’ म्हटलं की वादाला जागाच उरत नाही. तो निर्णय मग कोणा अधिकाऱ्याचा वाटत नाही, जणू निसर्गानेच दिलेला वाटतो.

मेरी कॅथरीन अविवाहित होती, हेही या प्रकरणात ध्यानात ठेवावं. लग्न झालेल्या बाईची मिळकत आणि करार कायद्याने नवऱ्याच्या नावावर जायचे. अविवाहित असल्यामुळे तिला स्वतःच्या नावाने छापखाना चालवता आला, दावे लावता आले, सरकारी पद घेता आलं. पण ती मोकळीक होती म्हणून मागे कोणी नवरा, मुलगा, भागीदार असाही नव्हता. तिच्या मागे गाव होतं, आणि २३० सह्या कमी पडल्या.

जे झाकू नये ते

तिच्यावर अन्याय झाला हे सांगताना तिच्या घरातली दुसरी बाई नजरेआड करून चालणार नाही. बेलिंडा स्टार्लिंग ही मेरी कॅथरीनची गुलाम होती. माणसाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिने खिळा खिळा जुळवून छापला, तिच्या घरात ही बाई मालमत्ता म्हणून राबत होती. १८१६ मध्ये वयाच्या ७८व्या वर्षी मेरी कॅथरीन वारली तेव्हा मृत्युपत्राने तिने बेलिंडाला मुक्त केलं आणि आपली मालमत्ता तिलाच ठेवली. पुष्कळ ठिकाणी हा प्रसंग मेरी कॅथरीनच्या मोठेपणाचा दाखला म्हणून सांगतात. मला तसं सांगवत नाही. मालमत्ता ठेवली हे त्या काळात विरळ होतं हे खरं, पण स्वातंत्र्य द्यायला मालकिणीच्या मरणाची वाट पाहावी लागली. कागदोपत्री मेरी कॅथरीनचे अर्ज आहेत. बेलिंडाने आपल्या बाजूने काय म्हटलं असतं, त्याचा एकही कागद नाही.

बडतर्फीनंतरची वीसेक वर्षं मेरी कॅथरीनने बाल्टिमोरमध्येच पुस्तकं आणि किरकोळ सामानाचं दुकान चालवून काढली. वर्तमानपत्र पुन्हा काढलं नाही.

हर्टफर्डची पोस्टमास्तर

बाईला टपालाचं काम झेपत नाही, हे खात्याचं खरंच मत होतं का? त्याची पारख करायला लांब जावं लागत नाही. तीनच वर्षांनी, सप्टेंबर १७९२ मध्ये, त्याच खात्याने नॉर्थ कॅरोलायनातल्या हर्टफर्ड या छोट्या गावी सारा डिक्रो नावाच्या बाईला पोस्टमास्तर नेमलं. राज्यघटना आल्यानंतर नेमलेली ती पहिली ज्ञात स्त्री पोस्टमास्तर. म्हणजे बाई असणं ही अडचण नव्हती.

सारा डिक्रोला ते पद नकोसं झालं, कारण मेहनताना अगदीच किरकोळ होता. तिने तशी तक्रार केली. त्यावर खात्याकडून आलेल्या उत्तराचा आशय असा होता: या पदाच्या मिळकतीसाठी तुम्ही ते ठेवावं असं काही नाही, आणि कोणी सद्गृहस्थही तेवढ्यासाठी ते घेणार नाही, हे आम्ही जाणतो, पण गावाची टपालाची सोय बंद पडू नये म्हणून कोणी तरी हे काम करायला तयार होईल अशी आशा आहे.